मारियामाता, बाळ येशू आणि खोलीतलं सामान : जुनी फ्लेमिश चित्रं वाचायची तरी कशी?

रंगपेटी

लंडनच्या नॅशनल गॅलरीत १४४० च्या सुमाराचं एक चित्र आहे. तूर्ने गावच्या रोबेर काम्पँ या चित्रकाराच्या वर्तुळातलं. पूर्वी ते खुद्द त्याचंच समजत. मारिया बाळ येशूला पाजायला बसली आहे. चर्च नाही, सिंहासन नाही, देवदूत नाहीत. एका खात्यापित्या घरातली खोली, बाकावर उघडं ठेवलेलं पुस्तक, खिडकीतून दिसणारं गाव. मागे शेकोटी पेटली आहे आणि धग अंगावर येऊ नये म्हणून तिच्यापुढे विणलेला गोल आडोसा लावलाय. तो नेमका मारियेच्या डोक्यामागे येतो. झाली प्रभावळ! सोन्याचा वर्ख नाही, किरणं नाहीत, घरातल्याच वस्तूनं काम भागवलंय. आडोशाच्या वरून ज्वाळांची टोकं तेवढी डोकावतात.

याच चित्रात उजव्या कडेला कपाटावर एक चषक आहे, मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी वेदीवर असतो तसा. आईचं दूध एकीकडे आणि पुढे क्रुसावर सांडणारं रक्त दुसरीकडे, मधे बाळ. अर्थ कसा चपखल बसतो बघा. या चषकावर चांगली मोठी माणसं भरभरून लिहून गेली. मग गॅलरीतल्या तज्ज्ञांनी चित्राची लाकडी फळी नीट तपासली, तेव्हा उजवीकडची ती पट्टी कपाट-चषकासकट १९व्या शतकात जोडलेली निघाली. मूळ चित्राचा तेवढा भाग उरलाच नव्हता. कुणा दुरुस्ती करणाऱ्यानं आपल्या कल्पनेनं चषक काढला आणि पंधराव्या शतकाचा गूढार्थ म्हणून त्याचं कौतुक झालं.

धागा काढायचं कारण हेच. फ्लँडर्समधली, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या त्या भागातली, साधारण १४२० ते १५२० या काळातली माता-बालकाची चित्रं मला फार आवडतात आणि त्यातल्या प्रतीकांबद्दल जे सर्रास लिहिलं जातं ते अर्धंमुर्धं पटतं. अर्विन पानोफ्स्की या कलेतिहासकारानं १९५३ च्या आपल्या ग्रंथात मांडलं, की या चित्रकारांना सगळं खरंखुरं दिसायला हवं होतं आणि धर्मार्थही सोडायचा नव्हता, म्हणून त्यांनी तो अर्थ रोजच्या वस्तूंत लपवला. पाण्याचं भांडं म्हणजे पावित्र्य, काचेची सुरई म्हणजे कौमार्य, विझलेली मेणबत्ती म्हणजे अमुक. तेव्हापासून या चित्रातल्या प्रत्येक वाटी-चमच्याला अर्थ चिकटवायची साथ आली ती आजतागायत आहे.

पण मग बर्लिनमधलं, यान व्हान आइक या ब्रुजच्या चित्रकाराचं 'चर्चमधली मारिया' बघावं आणि पानोफ्स्कीला हात जोडावेत असं वाटतं. ३१ सेंटिमीटर उंच, १४ रुंद. रुंदी तर वीतभरसुद्धा नाही. आत एक अख्खं गॉथिक चर्च मावलंय आणि त्यात मारिया उभी आहे ती पार वरच्या सज्जापर्यंत पोचेल एवढी मोठी. ज्या माणसानं दगडाचा एकेक सांधा बिनचूक काढला त्याला माप कळत नव्हतं असं कोण म्हणेल? ती चर्चमध्ये उभी असलेली बाई नाही, तीच चर्च आहे. आणि उजेड बघा. जमिनीवर उन्हाचे दोन कवडसे पडलेत. चर्चची वेदी पूर्वेला असते, आपण वेदीकडे तोंड करून बघतोय, म्हणजे डावी बाजू उत्तर. ऊन डावीकडून येतंय! ब्रुज आहे ५१ अंश उत्तरेला. तिथे उत्तरेच्या खिडकीतून असं ऊन पडणं शक्य नाही. पानोफ्स्कीचं म्हणणं, हा सूर्याचा उजेड नव्हेच.

तर मंडळी, कुठे थांबायचं? काय वाचायचं आणि काय सोडून द्यायचं?

पिठलंभाकर

वाचतोय. चषकाचा किस्सा जबरी. एक बाळबोध प्रश्न: मारिया म्हणजे निळी वस्त्रं असं डोक्यात पक्कं आहे. निळ्याचा अर्थ आकाश, स्वर्ग वगैरे. ते तरी खरं ना?

रंगपेटी

@पिठलंभाकर, चर्चमधल्या मारियेच्या अंगावर निळा झगा आहे, लाल पोशाखावर. पण व्हान आइकचीच बाकीची मोठी चित्रं काढा: लूव्रमधली रोलँची मारिया, ब्रुजमधली कॅनन (म्हणजे चर्चचा पाद्री) व्हान डेर पालेची (रोलँ आणि व्हान डेर पाले हे चित्रं करवून घेणारे), फ्रँकफुर्टची 'लुक्का मारिया'. तिन्हीत ती लालभडक झग्यात आहे, नुसता झगा नव्हे तर जमिनीवर ओसंडून चित्राचा खालचा सगळा भाग व्यापणारा. लाल म्हणजे राणीचा रंग, लाल म्हणजे पुढे सांडायचं रक्त, असे अर्थ सांगतात. मला त्यात चित्रकाराचा धंदाही दिसतो. जवसाच्या तेलात कालवलेला पारदर्शक लाल थरावर थर देत गेलं की आतून उजेड फुटल्यासारखा दिसतो. ही यांची खास करामत, आणि ती दाखवायला मारियेच्या झग्याएवढी जागा दुसरी कुठली?

निळ्याचं म्हणाल तर उत्तम निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्द दगडापासून निघायचा आणि फार महाग पडायचा. महाग रंग मोठ्या देवाला, हा हिशोबही असतोच. यजमानानं पैसे मोजलेत ते दिसायला हवेत.

तर्कट

धागा चांगला, पण मला मुळातच हे सगळं ओढूनताणून वाटतं. थंड देशातल्या घरात शेकोटी असते. शेकोटीपुढे आडोसा असतो. बाई पाजायला बसली तर उबेला बसणार. चित्रकारानं समोर होतं ते काढलं. पाचशे वर्षांनी कुणी आपल्या स्वयंपाकघराचा फोटो बघून मिक्सरला 'अहंकाराचं चूर्ण करणारं यंत्र' म्हणेल आणि त्यावर पीएचडी घेईल.

उत्तरेकडच्या उन्हाचंही तेच. सगळी चर्चं काटेकोर पूर्वाभिमुख असतात का? नसतात. आणि ते चर्च खरं कुठलं आहे? कुठलंच नाही. काल्पनिक इमारतीला होकायंत्र कशाला लावायचं?

वसईचा_वारा

तर्कटराव, एक गोष्ट सुटतेय. आम्हा कॅथलिकांना यातलं फारसं काही 'छुपं' वाटत नाही. पंधराव्या शतकातल्या ब्रुजच्या माणसाला तर अजिबात वाटलं नसेल. तो आठवड्यातून कितीदा तरी चर्चमध्ये हेच शब्द ऐकायचा. 'सूर्यकिरण काचेतून आरपार जातो पण काच फुटत नाही, तशी मारिया आई होऊनही कुमारीच राहिली' हा दृष्टान्त मध्ययुगातल्या स्तोत्रांत आणि प्रवचनांत वारंवार येतो. तो कानात बसलेल्या माणसाला चित्रात काचेची सुरई आणि तिच्यातून पलीकडे गेलेला उजेड दिसला, तर त्याला कुणी अर्थ सांगायची गरज काय? कोडं आपल्याला वाटतं, कारण आपण ते शब्द ऐकलेले नाहीत.

अँटवर्पला व्हान आइकचं १४३९ चं एक इवलंसं चित्र आहे, कारंज्यापाशी उभी असलेली मारिया. मागे गुलाबाची भिंत, पुढे कारंजं, पायाखाली हिरवळ. बायबलमधल्या गीतरत्नाच्या चौथ्या अध्यायात वधूला कुंपण घातलेली बाग आणि बंद केलेला झरा म्हटलंय. चर्चनं ती वधू म्हणजे मारिया मानली. त्यामुळे मारिया आणि बंदिस्त बाग दिसली की यात शोधण्यासारखं काही नसतंच, ते वाचून दाखवल्यासारखं असतं. त्याच चित्रात बाळाच्या हातात पोवळ्याची जपमाळ आहे. पोवळं तेव्हा लहान मुलांना दृष्ट लागू नये म्हणूनही घालत. म्हणजे प्रार्थनाही आली आणि आईची काळजीही आली.

अजून एक. बऱ्याच चित्रांत बाळ थेट मारियेच्या हातावर नसतं, मधे पांढरं कापड असतं. वेदीवर ख्रिस्तशरीर ठेवायच्या आधी पांढरं वस्त्र अंथरतात हे ज्यानं लहानपणापासून पाहिलंय त्याला ते कापड लंगोट वाटणार नाही. किंवा लंगोटही वाटेल आणि तेही वाटेल.

तर्कट

"लंगोटही वाटेल आणि तेही वाटेल" इथेच माझी हरकत आहे. असं म्हटलं की काहीही चालतं. खोटं ठरायची सोयच नाही. चषक १९व्या शतकातला निघाला तरी अर्थ लावणारे म्हणणार, "ठीक आहे, आडोसा आहे ना!"

रंगपेटी

@वसईचा_वारा, फार सुंदर प्रतिसाद. 'छुपं' हा शब्द पानोफ्स्कीनंतरच्या बऱ्याच अभ्यासकांनाही खटकला तो याचसाठी.

@तर्कट, हरकत रास्त आहे. मी स्वतःपुरती एक चाळणी ठेवली आहे. चित्रकारानं स्वतः कुठे शब्द लिहिलेत का, किंवा कुठे बायबलमधली गोष्ट कोरून ठेवली आहे का, ते आधी बघते. चर्चमधल्या मारियेच्या झग्याच्या काठावर लॅटिन अक्षरं आहेत: ती सूर्याहून सुंदर आहे, अशा अर्थाची. ते वचन बायबलमधल्या 'ज्ञानग्रंथा'तलं. तेच वचन व्हान डेर पालेच्या चित्राच्या मूळ चौकटीवर आहे आणि गेंटच्या १४३२ च्या भव्य वेदीचित्रात मारियेच्या डोक्यावरही आहे. एकच चित्रकार तीन ठिकाणी तिची तुलना उजेडाशी करतो, तेव्हा त्याच्या चित्रात उजेड चुकीच्या दिशेनं आला तर मी तो मुद्दाम आलाय असं धरते. होकायंत्र नाही लावत, काठावरची अक्षरं लावते.

(बर्लिनच्या त्या चित्राच्या मूळ चौकटीवरही मजकूर होता. १८७७ मध्ये चित्र चोरीला गेलं. काही दिवसांत फळी परत मिळाली, चौकट नाही. ती आज असती तर अर्धी भांडणं मिटली असती.)

दुसरं, लुक्का मारिया. फ्रँकफुर्टच्या श्टेडेल संग्रहालयात आहे. अरुंद खोली, मारिया बाळाला पाजतेय, बाळाच्या मुठीत फळ. एका बाजूला खिडकी, तिथेही फळं. दुसऱ्या बाजूच्या कोनाड्यात पाण्याचं तसराळं आणि काचेची सुरई. यातल्या सुरईवर मी तुमच्याशी तासभर भांडू शकणार नाही. पण तिच्या आसनावर पितळी सिंह बसवलेत त्यावर भांडेन. सुतारानं घरच्या खुर्चीवर सिंह बसवावेत हे घरगुती वळण झालं असेलही, पण शलमोन राजाच्या सिंहासनाचं वर्णन बायबलमध्ये आहे: हातांशी सिंह, पायऱ्यांवर सिंह. ज्ञानी राजाचं आसन, आणि मारियेची मांडी हे ज्ञानाचं आसन, ही जोडी त्याआधीच्या दोन-तीनशे वर्षांतल्या लाकडी-दगडी मूर्तींमध्येही आहे. व्हान आइकनं नवीन काही शोधलं नाही. त्यानं जुन्या मूर्तीला खोलीत आणून बसवलं.

मुक्ता_शेवंती

फुलांबद्दल मी लिहिते. लूव्रमधल्या रोलँच्या मारियेत मधल्या कमानींपलीकडे छोटी बाग आहे. त्यात लिली, आयरिस, पिओनी, गुलाब ओळखता येतात, इतके ते नेटके आहेत. मोर आहेत. पलीकडे तटबंदीपाशी दोन माणसं उभी आहेत आणि त्यांच्याही पलीकडे नदी, पूल, शहर. लिली पावित्र्याची, हे सगळ्यांना ठाऊक. आयरिसची पानं तलवारीसारखी असतात. लूकच्या शुभवर्तमानात म्हातारा शिमोन मारियेला सांगतो की तुझ्या जिवात तलवार भोसकली जाईल. म्हणून ते दुःखाचं फूल. कोलंबाइन नावाचं खाली माना घातलेलं निळंजांभळं फूल या चित्रांत वरचेवर येतं, ते पवित्र आत्म्याशी जोडतात.

माझी शंका वेगळी आहे. लिली आणि आयरिस एकाच वेळी, एकाच मातीत, सगळीच फुललेली, एकही पान किडकं नाही. बाग बघून काढलेली नाही ही. फुलं एकेक वेगवेगळी बघून काढलीत आणि मग एकत्र लावलीत. म्हणजे निवडलीत. निवड आली की कारण आलं. एवढं तर्कटरावांनी मान्य करायला हरकत नसावी.

तर्कट

@मुक्ता_शेवंती, हे मान्य. निवडीचा मुद्दा चांगला आहे.

डॉ_सलाईन

कॅनन व्हान डेर पालेचा उल्लेख झाला म्हणून राहवत नाही. ब्रुजच्या ग्रोनिंगे संग्रहालयातलं १४३६ चं हे चित्र. मधे मारिया आणि बाळ, एका बाजूला संत डोनाशियन, दुसऱ्या बाजूला चिलखत घातलेला संत जॉर्ज, आणि गुडघे टेकलेला म्हातारा पाद्री, हातात पुस्तक आणि चष्मा. त्याच्या कानशिलाजवळची फुगलेली धमनी इतकी अचूक रंगवली आहे की आमच्या वैद्यकीय नियतकालिकांत त्यावरून निदानं छापून आलीत: कानशिलाच्या धमनीचा दाह. तब्येतीमुळे त्याला सकाळच्या प्रार्थनेतून सूट मिळाल्याची नोंदही आहे. आता जो माणूस दात्याच्या शिरेतसुद्धा सूट देत नाही तो बाळाच्या हातातली वस्तू उगाच काढेल असं मला वाटत नाही. पण माझा प्रश्न असा की बाळाच्या हातात हिरवा पोपट का?

पिठलंभाकर

म्हाताऱ्यानं चष्मा काढलाय हे भारी. मारिया समोर आहे आणि तो तिच्याकडे बघतही नाहीये!

रंगपेटी

@पिठलंभाकर, अगदी. त्याला ती डोळ्यांनी दिसत नाहीये. तो वाचता वाचता थांबलाय, आणि जे मनात आलं ते आपल्याला दिसतंय. संत जॉर्ज शिरस्त्राण उचलून त्याची ओळख करून देतोय, आणि जॉर्जच्या चिलखतात बारीक प्रतिबिंब आहे, ते खुद्द चित्रकाराचं असावं असं मानतात. मारियेच्या आसनावर आदाम आणि हव्वा कोरलेत. म्हणजे पाप जिथे सुरू झालं ते खुर्चीच्या लाकडात आणि त्यावरचा उतारा खुर्चीवर बसलेला.

रोलँचं मात्र उलट आहे. तो बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सेलर, गडगंज. तो मारियेच्या समोर बसलाय, तेवढाच मोठा, मधे शिफारस करायला एकही संत नाही. सरळ भेट. त्याच्या डोक्यावरच्या नक्षीत आदाम-हव्वेची हकालपट्टी, काईननं हाबेलला मारणं आणि दारू पिऊन पडलेला नोहा, म्हणजे माणसाच्या पापांची यादीच आहे. आणि अवरक्त किरणांखाली चित्र बघितलं तेव्हा मूळ रेखाटनात त्याच्या कमरेला मोठी पैशांची थैली सापडली. नंतर ती गायब केली. बाळाचा हातही आधी खाली होता, मग आशीर्वादासाठी वर उचलला. कुणाच्या सांगण्यावरून, त्यावर अंदाज बांधा हवे तितके. याच रोलँनं १४४३ मध्ये बोन गावात गोरगरिबांसाठी मोठं रुग्णालय स्थापलं, ती इमारत अजून आहे.

मला स्वतःला ही पुसलेली थैली त्या सगळ्या लिलीफुलांपेक्षा जास्त सांगून जाते. प्रतीक म्हणजे नुसतं काय काढलं ते नाही, काय झाकलं तेही.

तर्कट

थैलीला +१. हा पुरावा झाला. आता उंदराच्या सापळ्याचं सांगा. मी शोधाशोध केली तर सगळीकडे तोच दाखला.

रंगपेटी

तो येणारच होता! न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयातलं 'मेरोद वेदीचित्र', काम्पँच्या कार्यशाळेतलं, १४२५-३० च्या आसपासचं. मधल्या फळीत गब्रिएल देवदूत मारियेला निरोप सांगायला आलाय, बाळ अजून यायचंय. म्हणजे यायला निघालंय: खिडकीच्या काचेतून सोनेरी किरणांवरून एक एवढंस्सं बाळ खांद्यावर क्रूस घेऊन आत उडत येतंय. टेबलावरची मेणबत्ती आत्ताच विझली आहे, वातीतून धूर निघतोय. उजव्या फळीत योसेफ त्याच्या सुतारशाळेत. त्याच्या कामाच्या टेबलावर एक उंदराचा सापळा, आणि दुसरा बाहेर रस्त्याकडच्या फळीवर विकायला ठेवलाय.

कलेतिहासकार मेयर शापिरो यांनी १९४५ मध्ये हे संत ऑगस्टीनच्या वचनाशी जोडलं: प्रभूचा क्रूस हा सैतानासाठी लावलेला सापळा, आणि त्यातलं आमिष प्रभूचा मृत्यू. योसेफ वरून साधा नवरा, आत सापळा रचणारा. तो नुसता बाजूला बसलेला म्हातारा नव्हे, त्यालाही कामगिरी आहे.

मला हे पटतं, कारण इतर चित्रांत योसेफ सुतारकाम करतो पण सापळे करत नाही. इथे कुणीतरी ठरवून काढलेत. पण त्याच्या हातात जी भोकं पाडायची फळी आहे तिच्याबद्दल आजवर इतके तर्क झालेत की हसू येतं. पायाशी ठेवायच्या शेगडीचं झाकण, आमिषाचा डबा, काय काय. तिथे मी हात टेकते. शिवाय बाजूच्या फळ्या मधल्या फळीनंतर, वेगळ्या हातांनी झालेल्या आहेत असं तपासणीत दिसतं, तेव्हा तिन्ही फळ्यांचा मिळून एक पूर्वनियोजित प्रवचन-आराखडा होता असं म्हणणं जरा जपूनच.

लूव्हेनकर

इथे राहतो म्हणून दोन शब्द. तुम्ही सगळे व्हान आइकवर बोलताय, तो दरबारी चित्रकार, त्याला वेळही होता आणि विद्वान सल्लागारही असणार. पण १५०० च्या आसपास ही चित्रं बाजारात तयार मिळायला लागली होती हे विसरू नका. अँटवर्पला १४६० पासून मोठ्या चर्चच्या आवारात चित्रांचा बाजार भरायचा. गिऱ्हाईक ठरलेलं नसायचं. ब्रुजच्या जेरार्ड डेव्हिडचं 'दुधाच्या खिमटीची मारिया' घ्या. ब्रुसेल्सच्या रॉयल म्युझियममध्ये आहे, आणि तीच रचना जेनोआतही आहे, आणखीही आवृत्त्या आहेत. एकच नमुना, अनेकदा काढून विकलेला. मारिया बाळाला भरवतेय, बाळाच्या हातात लाकडी चमचा, टेबलावर पाव, सुरी, सफरचंद. सफरचंद म्हणजे हव्वेचं पाप आणि पाव म्हणजे मिस्सेची भाकर, असं सहज लावता येतं आणि ते चूकही नसेल. पण ज्या घरात ते गेलं त्या घरातल्या बाईला ते खिमट भरवणं सगळ्यात आधी दिसलं असणार, आणि डेव्हिडला ते पक्कं माहीत होतं म्हणून तर तो तेच तेच काढत राहिला. खपतं ते.

याच्या अगदी उलट टोकाला पेट्रुस क्रिस्टुसची 'वाळलेल्या झाडातली मारिया' (माद्रिदच्या थिसेन संग्रहालयात). काळीकुट्ट पार्श्वभूमी, काटेरी सुकलेलं झाड, त्याच्या फांद्यांचा वेढा काट्यांच्या मुकुटासारखा, आत मारिया आणि बाळ. फांद्यांना सोन्याची 'ए' ही अक्षरं टांगलीत, पंधरा. 'आवे मारिया'तलं पहिलं अक्षर. इथे घरगुती काही नाही, सगळं प्रतीकच प्रतीक. का? ब्रुजमध्ये 'वाळलेल्या झाडाची मारिया' नावाची प्रतिष्ठितांची भक्तमंडळी होती आणि चित्रकार बायकोसह तिचा सभासद होता. यहेज्केलच्या सतराव्या अध्यायात देव म्हणतो की मी वाळलेलं झाड पुन्हा हिरवं करतो. मंडळाच्या लोकांना हे सगळं तोंडपाठ. पंधरा सेंटिमीटरही उंची नाही चित्राची, हातात धरून प्रार्थनेला घ्यायचं.

म्हणून माझं मत, 'फ्लेमिश प्रतीकं' असा एक गठ्ठा करू नये. कुणी करवून घेतलं आणि कुठे ठेवायला, ते आधी विचारावं.

रंगपेटी

@लूव्हेनकर, हा धाग्यातला सर्वात उपयोगी प्रतिसाद. माझ्या चाळणीत हे भोक कमी होतं, घेतलं.

पणजीपोरगी

या चित्रांचा गोव्याशी थेट धागा नाही, पण त्यांच्या पुढच्या पिढ्यांचा आहे. अँटवर्पला १५६८ ते १५७२ मध्ये छापलेलं बहुभाषी बायबल, फ्लेमिश कोरीव चित्रांसकट, जेझुइट पाद्र्यांनी १५८० मध्ये गोव्याहून अकबराच्या दरबारी फत्तेपूर सिक्रीला नेलं. सोबत रोममधल्या मारियेच्या प्रसिद्ध चित्राची नक्कलही. मुघल चितारी या छापील चित्रांवरून मारिया आणि बाळ काढायला लागले. त्यांना त्यातल्या लिलीचा अर्थ कोण सांगणार होतं? त्यांनी आकार घेतला, प्रतीकं बरीचशी गळली. आई-मूल तेवढं उरलं.

आणि मग चित्रकार आंजेलो द फोन्सेका. गोव्यातले सांतेस्तेव्हचे, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूरांकडे शिकलेले, पुढची बरीच वर्षं पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम केलेले. त्यांची मारिया साडी नेसते, अनवाणी असते, जमिनीवर बसते. गोव्यात त्यासाठी त्यांना बोलणी खावी लागली. वर रंगपेटीताईंनी लिहिलंय की व्हान आइकनं मूर्तीला खोलीत आणून बसवलं. ब्रुजच्या व्यापाऱ्याच्या खोलीत मारिया बसलेली चालते आणि पुण्याच्या ओसरीवर बसलेली चालत नाही, हे कसं काय?

वसईचा_वारा

@पणजीपोरगी, शंभर टक्के. बेथलेहेमची बाई विटांच्या फ्लेमिश घरात, तुर्की गालिच्यावर बसवली तेव्हा कुणी हरकत घेतल्याचं ऐकलं नाही.

मुक्ता_शेवंती

माद्रिदच्या प्रादोमधली व्हान डेर वेयडन या चित्रकाराची एक मारिया आठवली. बाळ मांडीवर बसून तिच्या पुस्तकाची पानं चुरगाळतंय, आणि ती शांतपणे चुरगाळू देतेय. पुस्तक म्हणजे धर्मवचन आणि बाळ म्हणजे देहधारी वचन, हे सगळं ठीक. पण पानं ज्या पद्धतीनं मुठीत धरली आहेत ती पद्धत मूल घरात असलेल्या कुणीतरी बघितलेली आहे. यशोदा आठवल्याशिवाय राहत नाही.

तर्कट

इतकं वाचून माझी भूमिका थोडी सरकली आहे, फार नाही. सिंह मान्य, काठावरची अक्षरं मान्य, वाळलेलं झाड मान्य, पुसलेली थैली तर सगळ्यात मान्य. सुरई आणि तसराळं अजून कोर्टात. शेकोटीचा आडोसा... तो इतका नेमका डोक्यामागे आहे की मला त्याचा राग येतो, पण मान्य.

बेल्जियमला जायचं तर काय बघावं? दोन दिवस हातात असतील.

लूव्हेनकर

एक दिवस ब्रुज. ग्रोनिंगेमध्ये व्हान डेर पाले, तिथून पायी पाच-दहा मिनिटांवर संत योहानाचं जुनं रुग्णालय, आता संग्रहालय. तिथे चित्रकार मेमलिंगची दोन फळ्यांची १४८७ ची जोडी आहे: एका फळीत मारिया बाळाला सफरचंद देतेय, दुसरीत मार्टेन व्हान न्यूवेनहोव्हे नावाचा २३ वर्षांचा पोरगा हात जोडून. मारियेच्या मागे भिंतीवर फुगीर आरसा आहे, त्यात ती दोघं पाठीमागून एकाच खोलीत बसलेली दिसतात. फळ्या दोन, खोली एक. आरसा बघायला वाका, लोक बघत नाहीत आणि पुढे जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेंटचं वेदीचित्र, दुपारी अँटवर्पला कारंज्याची मारिया. ती इतकी लहान आहे की दालनात शोधावी लागते. ब्रुसेल्स जमलं तर खिमट.

डॉ_सलाईन

आणि माझा पोपट?

रंगपेटी

@डॉ_सलाईन, पोपटाची दोन-तीन स्पष्टीकरणं फिरतात. एक असं की मध्ययुगीन समजुतीप्रमाणे पोपट आपणहून 'आवे' म्हणतो, म्हणजे गब्रिएलनं मारियेला केलेलं अभिवादन. दुसरं, तो लांबून येणारा महागडा पक्षी, यजमानाची ऐपत दाखवणारा. तिसरं, मुलांच्या हातात पक्षी देणं ही जुनी चित्ररूढी. मला पहिलं आवडतं आणि दुसरं पटतं.

तर्कट

दुसरं.

वसईचा_वारा

पहिलं!

पिठलंभाकर

पोपटावर वेगळा धागा काढा. हा वाचनखुणेत साठवलाय.